एचओमध्ये बॉक्सएन वॅगन: डबा सोपा, बोगी अवघड

मॉडेल रेल्वेवाल्यांना विचारा, कंपन्यांनी काय काढावं? बहुतेक जण इंजिनाचंच नाव घेतील. माझी मागणी साधी आहे: बॉक्सएन. कोळशाची उघडी, तपकिरी, ठोकरा खाल्लेली वॅगन. इंजिन एक असलं तरी भागतं. त्याच्यामागे जोडायला एकसारख्या वॅगनांची रांग लागते, आणि दुकानातून दहा-वीस उचलून आणाव्यात अशी सोय नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राकडे जातो तसा रेक (पूर्ण मालगाडी) साधारण ५८ वॅगनांचा. एचओ म्हणजे १:८७ प्रमाणात तो ७ मीटरच्या वर जातो. घरात एवढी सरळ भिंत नसते, म्हणून मी वीसवर थांबतो. वीस वॅगन म्हणजे जवळजवळ अडीच मीटर, आणि डोळ्याला तेवढ्यात मालगाडी पटते. वीस नग एकसारखे हवेत म्हटल्यावर प्रत्येक वॅगन सुटी कापत बसण्यात अर्थ नसतो. एक मास्टर (मूळ नमुना) नीट करायचा आणि त्याच्या प्रती रेझिनमध्ये ओतायच्या.

आधी मापं. हेडस्टॉक (टोकाची आडवी तुळई) ते हेडस्टॉक ९७८४ मिमी, कपलर (वॅगन जोडणारा आकडा) धरून १०७१३, आतली रुंदी २९५०, बाहेरची सर्वाधिक रुंदी ३२००, आतली उंची १९५०, रुळापासून वरच्या कडेपर्यंत ३२२५, दोन बोगींच्या (बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची चौकट) केंद्रांमधलं अंतर ६५२४, बोगीचा व्हीलबेस (दोन धुऱ्यांमधलं अंतर) २०००, नव्या चाकाचा व्यास १०००. ८७.१ने भागलं की याच क्रमानं ११२.३, १२३.०, ३३.९, ३६.७, २२.४, ३७.०, ७४.९, २३.० आणि ११.५ मिमी येतात. हा कागद कटिंग मॅटच्या वर चिकटवून ठेवला की काम सोपं होतं.

गेजचा (दोन रुळांमधल्या अंतराचा) वाद इथेच मिटवावा. आपला १६७६ मिमीचा ब्रॉडगेज या प्रमाणात १९.२ मिमी होतो, एचओचा रूळ १६.५चा. १९.२ हवा असेल तर रूळ, सांधे, पॉइंट सगळं हातानं घालायची तयारी ठेवा. काही जण उलटं करतात: रूळ १६.५ धरून गाडीच १:१०० च्या आसपास छोटी करतात. मग शेजारची माणसं, सिग्नल, इमारती यांच्याशी तिचा मेळ बसत नाही. मी डबा १:८७च ठेवतो आणि चाकं १६.५ वर चालवतो. बाजूनं पाहिलं तर कळत नाही; टोकाकडून पाहिलं तरच प्रत्येक चाक १.४ मिमी आत सरकलेलं दिसतं.

डब्यासाठी ०.७५ मिमीची स्टायरीन (प्लास्टिक) शीट. इथली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: बाहेरचं माप पक्कं धरायचं आणि शीटची जाडी आतून जाऊ द्यायची. खऱ्या वॅगनचा पत्रा काही मिलिमीटरचाच, तो ८७ पटींनी लहान केला की कागदाहून पातळ होतो. आतली ३३.९ रुंदी पाळून बाहेर ०.७५ चढवलं तर कण्यांना (बाजूवरच्या उभ्या पट्ट्यांना) जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर उरतो आणि बाजू सपाट खोक्यासारखी दिसते. बॉक्सएनचा सगळा चेहरा त्या उभ्या कण्यांच्या सावलीत आहे. म्हणून पत्र्याची बाहेरची बाजू ३४.० वर ठेवायची. मग दोन्हीकडे १.३५ मिमी मिळतात. त्यात कण्या, दारांच्या कड्या आणि वरची कड बसते. बाजू ११२.३ × २२.४, टोकं त्यांच्या आत बसतील अशी ३२.५ रुंद, तळ ११०.८ × ३२.५. वरची कड आतून कानशीनं तिरकी घासली की भिंत पातळ भासते.

कण्यांसाठी १.५ मिमी खोलीची पट्टी घासून १.३५ करायची. कण्या आणि दारं मोजताना एकाच वॅगनचा दोन्ही बाजूंचा फोटो समोर ठेवा, वेगवेगळ्या फोटोंवरून जोडकाम करू नका. दुरुस्तीत पत्रे आणि दारं बदललेली असतात. पट्ट्या गुण्या लावून बसवायच्या आणि सॉल्व्हंट ब्रशच्या टोकानं, अगदी थोडं. जास्त झालं तर पातळ शीट कणीच्या मागे आत ओढली जाते. ते त्या दिवशी दिसत नाही. आठवड्यानं, सॉल्व्हंट पूर्ण उडाल्यावर दिसतं. म्हणून मास्टर आठवडाभर काचेवर वजनाखाली ठेवून मगच साच्याला घ्यावा.

साचा अखंड डब्याचा करायच्या फंदात पडू नका. बाजू, टोक, तळ असे सपाट तुकडे, एका बाजूनं उघडे साचे. बाजूच्या मास्टरभोवती १३० × ४५ मिमीची, १५ मिमी उंचीची चौकट केली तर साधारण १०० ग्रॅम सिलिकॉन लागतं. मी टिन-क्युअर (कथलाच्या उत्प्रेरकानं घट्ट होणारं) सिलिकॉन वापरतो. उत्प्रेरक वजनानं २ ते ३ टक्के, डब्यावर लिहिलं असेल तेवढाच. इथे ०.१ ग्रॅमचा काटा हवाच, थेंब मोजून चालत नाही. प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉन जास्त टिकतं, पण गंधक असलेली माती किंवा रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरमधून आलेला मास्टर त्याला लागला की ते तिथे चिकट राहतं, घट्ट होतच नाही. आधी ब्रशनं पातळ थर कण्यांच्या कोपऱ्यांत फिरवायचा, मग चौकटीच्या एका कोपऱ्यातून बारीक धारेनं ओतायचं. बुडबुडे कोपऱ्यातच अडकतात, आणि साच्यातला बुडबुडा म्हणजे प्रत्येक प्रतीवर एक फोड.

ओतायला दोन भागांचं पॉलियुरेथेन रेझिन. हाताशी वेळ दोन-तीन मिनिटांचा, त्यामुळे एका वेळी दोनच साचे भरावेत. भरल्यावर वर ओएचपीची पारदर्शक फिल्म आणि तिच्यावर ॲक्रिलिकची पट्टी दाबली की मागची बाजू सपाट येते. हे रेझिन ओलाव्याला फार वाईट; पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन वायू तयार होतो आणि प्रत फेसाळते. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर मी ओतकाम बंदच ठेवतो. करायचंच असेल तर बाटल्या सिलिका जेलसोबत हवाबंद ठेवा, साचे आधी कोमट करून वाळवा. प्रत साच्यातून निघाली तरी पूर्ण कडक नसते. लगेच काचेवर आडवी टाकून वर वजन ठेवलं नाही तर केळ्यासारखी वाकते.

रेझिन घट्ट होताना अर्ध्या टक्क्यापर्यंत आटतं. ११२ मिमीवर तो अर्धा मिलिमीटर झाला. म्हणून बाजू ओतलेली आणि तळ स्टायरीनचा कापलेला असं करू नका, टोकाला फट राहते. सगळे तुकडे एकाच रेझिनचे हवेत. जोडताना स्टायरीनचं सॉल्व्हंट इथे काम करत नाही. सुपरग्लू किंवा एपॉक्सी, तेही तुकडे भांड्यांच्या साबणानं धुऊन.

वजनाचं गणित उघड्या वॅगनला अवघड. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेची शिफारस धरली तर या लांबीला सुमारे ९० ग्रॅम होतात. रिकाम्या वॅगनमध्ये ते लपवायला जागा नाही आणि वीस वॅगनांच्या चढावर इंजिनही रडतं. मी सगळ्या वॅगन एकसारख्या ५० ग्रॅमवर आणतो. एकूण वजनापेक्षा ती सारखी असणं जास्त महत्त्वाचं, कारण जडांच्या मध्ये हलकी सापडली की वळणावर तीच आत पडते. तळाच्या दोन थरांमध्ये, बोगींच्या स्क्रूंच्या मधल्या जागेत ६६ × ३२ मिमीचा १ मिमी शिशाचा पत्रा घातला की २४ ग्रॅम मिळतात. शिसं हातमोजे घालून हाताळा आणि एपॉक्सीनंच चिकटवा. फेव्हिकॉलसारख्या पीव्हीए गोंदात शिसं हळूहळू गंजून फुगतं आणि वर्ष-दोन वर्षांत तळ फोडून बाहेर येतं. शिशाऐवजी लोखंडी पत्रा घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की कपलर सोडवणाऱ्या चुंबकावर वॅगन आपोआप सरकते.

आता बोगी. सगळं घोडं इथे अडतं. बॉक्सएनखाली कॅसनब बोगी असते: दोन ओतीव बाजू, मधे बोल्स्टर (त्यांना जोडणारी आडवी तुळई), खिडकीत स्प्रिंगांचा पुंजका. बाजारात मिळणारी अमेरिकी १०० टनी बोगी जातकुळीनं जवळची, पण तिचा व्हीलबेस ५ फूट १० इंच, म्हणजे एचओत २०.४ मिमी. आपल्याला हवे २३. अडीच मिलिमीटर कमी हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण या वॅगनची बोगी पूर्ण उघडी असते आणि आखूडपणा लगेच डोळ्यात भरतो. युरोपीय वाय-२५ तर १८०० मिमीची, शिवाय तिच्या स्प्रिंगा प्रत्येक धुऱ्याशी. तिच्यावर बसवलेली बॉक्सएन परदेशी दिसते.

म्हणून बाजूची फ्रेम रेझिन प्रिंटरवर काढतो. ४५ अंशांच्या आसपास तिरकी, आधार मागच्या अंगाला. स्प्रिंगांच्या वेढ्यांमध्ये ०.३ मिमीपेक्षा कमी फट ठेवली तर त्या भरून जातात. धुऱ्यासाठी २ मिमी व्यासाच्या पितळी बेअरिंग-टोप्या. भोक फाइलमध्ये २.१ ठेवा, तरी २ मिमीच्या ड्रिलनं हातानं साफ करावं लागतंच. साधं प्रिंट-रेझिन ठिसूळ असतं. धुरा बसवायला फ्रेम फाकवली की कट्कन तुटते. त्यामुळे फ्रेम बोल्स्टरला चिकटवायच्या नाहीत, बारीक स्क्रूनं जोडायच्या. चाकं बसवून मग आवळायच्या. एका बाजूचा स्क्रू किंचित सैल ठेवला तर ती फ्रेम थोडी हलते आणि चारही चाकं रुळाला टेकून राहतात. डब्याखालीही तसंच: एक बोगी फक्त वळेल इतकी घट्ट, दुसरी डुलेल इतकी सैल.

चाकांसाठी युरोपीय प्रवासी डब्यांची ११ मिमी धातूची चाकं घ्यावीत. ती ९५८ मिमी होतात. खरं चाक १००० पासून झिजत ९०६ पर्यंत चालवतात, तेव्हा हे अर्धं झिजलेलं चाक म्हणून खपतं. धुऱ्याची लांबी मेकनुसार साधारण २४.५ ते २६ मिमी असते. चाकं हातात आल्यावर कॅलिपरनं मोजूनच फ्रेममधलं अंतर ठरवा आणि ०.३ मिमी खेळ ठेवा. कसोटी सोपी: मीटरभर रुळाचं एक टोक २० मिमी उचला. वॅगन ढकलल्याशिवाय निघाली पाहिजे.

कंपन्यांकडे माझं एवढंच मागणं आहे. अख्खी वॅगन नाही काढली तरी चालेल, २३ मिमी व्हीलबेसची कॅसनब सुटी विका. हीच बोगी बीसीएन या बंद वॅगनखाली, बीटीपीएन टाकीखाली, बीओबीआरएन हॉपरखाली आहे. एका साच्यावर चार प्रकारच्या गाड्या उभ्या राहतील, वरचे डबे लोक घरी करून घेतील.

कपलर त्या मानानं सुखाचा. आपला सीबीसी (सेंटर बफर कपलर) दिसायला अमेरिकी कपलरसारखाच, म्हणून केडी या अमेरिकी कंपनीचा लहान डोक्याचा कपलर छान दिसतो. फरक उंचीत. आपली उंची ११०५ मिमी, म्हणजे १२.७, एचओची प्रचलित उंची ९.९च्या आसपास. १२.७ वर कपलरची पेटी तळात घुसते, म्हणून टोकाशी तळाचा खालचा थर कापून मी पेटी १२.० वर बसवतो. रेकमध्ये सगळ्या वॅगन त्याच उंचीवर, फक्त इंजिनाला लागणाऱ्या वॅगनच्या एका टोकाला पेटीखाली पट्टी देऊन कपलर खाली उतरवलेला.

रंग रेड ऑक्साईड प्रायमर, त्यावर पातळ तपकिरी. सगळ्या वॅगन एकाच दिवशी एकाच डब्यातून रंगवू नका, रेक खेळण्यातला वाटतो. वरची कड टिपलरच्या (वॅगन उलटी करून रिकामी करणाऱ्या यंत्राच्या) पकडीनं घासलेली असते, तिथे धातूचा करडा. तळाशी कण्यांच्या बुडाला गंज. पांढरी अक्षरं घरच्या प्रिंटरवर निघत नाहीत. पांढऱ्या टोनरची डिकल (चिकटवायची अक्षरं) छापून घ्यावी लागते. क्रमांक ११ आकडी: पहिले दोन प्रकाराचे (बॉक्सएनला १०), पुढचे दोन मालक रेल्वेचे (मध्य रेल्वे ०१), मग बांधणीचं वर्ष, चार आकडी अनुक्रम आणि शेवटी पडताळणीचा आकडा. सम स्थानांच्या आकड्यांची बेरीज तिप्पट करायची, विषम स्थानांची बेरीज तिच्यात मिळवायची आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते शेवटी लिहायचं. १००१९६१२३७ घेतलं तर ४८ अधिक १४ म्हणजे ६२. शेवटचा आकडा ८. जाणकार पाहुणे हे तपासतात.

भरतीसाठी ११० × ३१.८ मिमीचा फोमचा ठोकळा, वर खरा कोळसा कुटून. तोंडाला मास्क बांधून कुटा आणि चहाच्या गाळणीनं चाळा; १०० मिमीचं ढेकूळ इथे १.१ मिमीचं. फेव्हिकॉल तिप्पट पाण्यात, त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब. कोळसा हलका, त्यामुळे भरलेल्या वॅगनमध्ये त्याची रास मधे कडेच्या तीन-चार मिमी वर दाखवा, टोकांना उतरती. लोहखनिजाला हे चालत नाही. वजनाची मर्यादा खनिजानं निम्मी वॅगन भरायच्या आतच गाठली जाते. कर्नाटकातल्या होस्पेटकडून कॅसलरॉक-कुळेमच्या घाटातून गोव्यात मुरगावला उतरणारा रेक करायचा असेल तर ठोकळा टाकून द्या आणि बोगींच्या डोक्यावर दोन बुटके, तांबूस ढीग करा, कडेपासून निदान १० मिमी खाली.