म्हातारा ससा आणि नवं पिल्लू

२४ फेब्रुवारी, परभणी

थंडी ओसरली, ऊन अजून चटका देत नाही. घरातल्या म्हाताऱ्या सशाला सोबत आणायची तर मराठवाड्यात हेच दिवस बरे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. तिशीतच धापा टाकणाऱ्या जिवाला तेव्हा नव्या सोबतीचा ताण देऊ नये.

पिल्लाला मोठा ससा बरेचदा सांभाळून घेतो, म्हणून लोक दोघांना लगेच एका पिंजऱ्यात सोडतात. महिना-दोन महिने सगळं गोड. मग पिल्लू साडेतीन-चार महिन्यांचं होतं, वयात येतं, लघवीच्या चिळकांड्या उडवू लागतं आणि काल एकमेकांना चाटणारे आज कान फाडतात. अशी फुटलेली जोडी पुन्हा जुळवणं फार अवघड. म्हणून नसबंदी आधी, गाठभेट नंतर. नराची चौथ्या-पाचव्या महिन्यात, मादीची पाचव्या-सहाव्या. त्यानंतरही नर चार ते सहा आठवडे मादीला गाभण ठेवू शकतो. तेवढे दिवस तो वेगळाच हवा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेआधी त्याला उपाशी ठेवायचं नसतं. कुणी ठेवायला सांगितलं, तर सशांचा अनुभव असलेला डॉक्टर शोधावा.

नवा ससा पहिले दोन आठवडे दुसऱ्या खोलीत. कानात खरूज, शिंका, वाहतं नाक बघून घ्यावं. मग दोन पिंजरे शेजारी, मध्ये चार बोटं जागा सोडून. एकाच जाळीतून नाकाला चावा बसतो. दोघांचे शौचाचे ट्रे रोज अदलाबदल करावेत. जाळीलगत अंग पसरून दोघं निवांत पडू लागले की भेटीची वेळ आली.

भेट सकाळी, दहा मिनिटं, दोघांनाही अनोळखी असलेल्या जागी. शहाबादी फरशीवर म्हाताऱ्याचे पाय घसरतात आणि तो घाबरून चावतो, म्हणून खाली जाड सतरंजी. मध्ये वाळल्या गवताचा ढीग. मागून चढणं काही सेकंद चालू द्यावं. तोंडाकडून चढला तर लगेच उतरवावं, खालचा गुप्तांगाला चावतो. शेपटी वर आणि कान मागे चिकटले की मध्ये सूप आडवं धरावं. उघडा हात घालू नये.

खरी गोष्ट फार बारीक असते. पिल्लू मान खाली घालतं आणि म्हाताऱ्याच्या हनुवटीखाली डोकं सारतं. ही चाटण्याची मागणी. म्हातारा आधी हलतच नाही, मग कपाळावर दोनदा जीभ फिरवतो. तिथेच त्या दिवसाची भेट थांबवावी, भांडणावर कधी संपवू नये.

पाच-सहा वर्षांच्या सशाचे सांधे बरेचदा दुखरे असतात. त्याला तीन बोटं काठाचा ट्रे आणि दोन तोंडांचं खोकं हवंच, उड्या मारणाऱ्या पिल्लापासून सुटता यावं म्हणून. लसूणघास पिल्लालाच, तोही सहा-सात महिन्यांपर्यंत. मोठ्याला त्यातल्या कॅल्शियमने लघवीत वाळूसारखा गाळ येतो. कोवळी ज्वारी कुणालाच नको, ती विषारी असते. भेटीनंतर म्हाताऱ्याच्या लेंड्या बघाव्यात. बारा तास खाणं नाही, लेंडी नाही, तर त्याचं आतडं थांबलंय असं समजून ताबडतोब डॉक्टर गाठावा.

सलग दोन दिवस-दोन रात्री नजरेसमोर भांडण न होता एकत्र खाल्लं, एकत्र झोपले, तरच त्यांना एकटं सोडावं. कुणाला याला आठवडा लागतो, कुणाला तीन महिने. वेग म्हाताऱ्याने ठरवायचा.