तुम्ही विचारलंत म्हणून: खेळ ठीक आहे, पण गणित कधी?

माझी दोन मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दोन तऱ्हांनी येतो. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी काका जिलबीचा तुकडा हातात तसाच धरून विचारतात, "घरी खेळतात ते ठीक आहे हो, पण गणित कधी करतात?" आणि रविवारी सकाळी एखाद्या तरुण आईचा फोन येतो, "दादा, तुमची मुलं गणित एन्जॉय करतात ना? ॲक्टिव्हिटींची यादी पाठवाल का?" काकांचा राग येत नाही. त्यांना भीती वाटते, आणि ती भीती मला रात्री अधूनमधून वाटते तीच आहे. चिडायला होतं ते यादीच्या नावानं. कारण एकेकाळी ती यादी मीच वाटत फिरत होतो.

मुलांना शाळेतून का काढलं, आरटीई, म्हणजे शिक्षणहक्काचा कायदा, काय म्हणतो, मित्र कुठून मिळणार, हे सगळं आपलं बोलून झालंय. आज फक्त गणित.

यादी वाईट नव्हती. हिराच्या काड्यांच्या दहादहाच्या जुड्या, चिंचोके, पोळीचे तुकडे, भाजीबाजारातला हिशोब. अरविंद गुप्तांनी घरोघरी पोचवलेल्या आगकाड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब: तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो. मी नाशिकच्या अंबडला टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे घरात बारीक मापं घ्यायचा एक जुना व्हर्नियरही होता. पोरांनी त्यानं बांगड्या, बिस्किटं आणि आजीच्या चष्म्याची काच मोजली. यातलं काहीही मी आज खोडणार नाही.

आणि मापं. निफाडच्या घरातून आईनं आणलेली, पितळी, एकाला पोचा आलेला. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मोठी तेव्हा दहा वर्षांची. शेरभर ज्वारीत चिपटी किती? चार. तीन शेरांत? बारा. म्हणजे तीन भागिले पाव बरोबर बारा. भागलं आणि उत्तर वाढलं! पोरगी खदखदून हसली होती. पुष्कळ मुलांना 'उलटा करून गुणा' तोंडपाठ असतं, का उलटा करायचा ते विचारलं की गप्प. माझ्या मुलीनं ते ज्वारीत पाहिलं होतं. मी हे दिसेल त्याला सांगत सुटलो.

त्याच सुमारास पाथर्डी फाट्याकडून एक जोडपं घरी आलं. मुलगा पहिलीत, त्याला शाळेतून काढावं का या विचारात. चहा झाला. मी मोठीला हाक मारली, "ये गं, जरा मापं खेळू." ती आली, सतरंजीवर मापं मांडली. तीन भागिले पाव झालं. मग पाऊण शेराचा डबा आणला. तो आम्हीच केला होता, मापटंभर आणि चिपटंभर ज्वारी एका स्टीलच्या डब्यात ओतून मार्करनं बाहेरून खूण केलेला. दीड शेर भागिले पाऊण, दोन डबे. पाहुण्या ताई म्हणाल्या, "अय्या, मला हे आज कळलं." मला चेव चढला. म्हटलं, "आता अर्धा भागिले पाऊण."

तिनं मापटंभर ज्वारी डब्यात ओतली. खुणेच्या बरीच खाली राहिली.

"भरत नाही."

"बरोबर. मग किती वेळा भरला?"

"शून्य."

"शून्य कसं? आत काहीतरी आहे ना?"

तिनं डबा डोळ्यांसमोर धरला, हलवून ज्वारी सपाट केली. "अर्धं आहे."

"शेराचं अर्धं. डब्याचं किती?"

"अर्धंच. मीच ओतलं ना आत्ता."

घोडं पेंड खात होतं ते इथे, आणि मला तेव्हा ते दिसलंही होतं. ज्वारी तीच, डबा तोच. पण मघाशी शेर म्हणजे एक होता, आता डबा म्हणजे एक. ज्वारीकडे कितीही पाहिलं तरी तो बदल दिसत नाही. तो मनात ठरवावा लागतो. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्यानं. मग आणखी एकदा, शब्द बदलून. पाहुणे गृहस्थ मोबाइल बघायला लागले. तिनं मापटं पालथं ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, तू खेळू म्हणून बोलावतोस आणि परीक्षा घेतोस. शाळेत निदान आधी सांगायचे तरी."

आणि उठून आत गेली. तिच्या पायानं डबा कलंडला, ज्वारी सतरंजीभर. ताई वेचायला वाकल्या. मी म्हटलं राहू द्या, आणि मग आम्ही गंगापूर धरणात यंदा पाणी किती यावर बोललो.

बायकोच्या मते हे हात दाखवून अवलक्षण होतं. पाहुण्यांसमोर पोरीचा खेळ मांडायला नको होता. मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. पाहुणे नसते तरी प्रश्न तोच होता, आणि अडायचं ती तिथेच अडली असती. गणितात अडायला होतंच. पण तिचं ते परीक्षेचं वाक्य मला खोडता येत नाही. खरंच, घरात पोळीचा चतकोर ताटात पडला की माझा प्रश्न ठरलेला, "उरली किती?" पोरीला पोळी सुखानं खाऊ दिली नाही मी.

पुढे बरेच महिने तिनं मापांना हात लावला नाही. मागितलं काय, तर बालभारतीचं सहावीचं गणिताचं पुस्तक आणि समासाची वही. ओळीनं सरावसंच सोडवायची, मागची उत्तरं ताडून पाहायची, बरोबरच्या खुणा स्वतःच करायची. मजेत! मी एकदा न राहवून विचारलं, "उलटा करून का गुणलंस?" तर म्हणे, "माहितीये मला. आत्ता नुसतं करायचंय."

तेव्हाचा मी इथे वाद घालतो. म्हणतो, हा रट्टाच झाला, यासाठी शाळा सोडवली होती का? त्याला मी सांगतो की ती स्वतःहून बसते, कुणी सांगत नाही. तो म्हणतो, शाळेतली हुशार मुलंही स्वतःहून बसतात, मग फरक काय राहिला? यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सांगतो, की नंतर तिची वही चाळताना एका समासात पेन्सिलीनं काढलेला डबा दिसला. तीन आडवे भाग, खालचे दोन रंगवलेले. दोन तृतीयांश. अर्धा भागिले पाऊणचं उत्तर. हे ज्वारीनं शिकवलं की सरावसंचानं, मला सांगता येत नाही, आणि तिला विचारायचं मी टाळलं.

तिला परत खेळायला लावलं ते देवळालीचे गणिती कापरेकर मास्तर यांच्या एका खेळानं. आपल्या नाशिकचा माणूस, पण यादीत मी त्यांना कधी घातलंच नव्हतं, कारण हातात धरायला काही नाही! चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या, मोठीतून धाकटी वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता यातून सुटका नाही, पुन्हा पुन्हा ६१७४च. कुठूनही सुरुवात करा, फार तर सात वजाबाक्यांत तिथे पोचता. मोठीनं बिलांच्या पाठकोऱ्या बाजू भरून टाकल्या. 'वजाबाकीचा सराव' म्हणून एवढ्या वजाबाक्या दिल्या असत्या तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं.

आणि धाकटा अगदी उलटा. त्याला कागद दिला की झोप येते. पावसाळ्यात गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की सगळं नाशिक गोदाघाटावर, तसे आम्हीही. धरणातून दहा हजार क्युसेक सोडलंय म्हणे. "क्युसेक म्हणजे काय?" म्हटलं, सेकंदाला एक घनफूट. घरी येऊन त्यानं पुठ्ठ्याचं फूट बाय फूट बाय फूट खोकं केलं, आत प्लास्टिक घातलं, तांब्यानं पाणी मोजत बसला. खोकं फुटलं, बाल्कनी भिजली, खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. उत्तर अठ्ठावीस लिटरच्या आसपास, ते आम्ही शेवटी पट्टीनं मोजून, गुणून काढलं. मग रात्री जेवताना त्यानं आपणहून सांगितलं, की दहा हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर, दर सेकंदाला. मी काही विचारलं नव्हतं. विचारायचं मात्र तोंडावर आलं होतं.

तेव्हा यादी मागणाऱ्यांनो, घ्या. मापं भांडी बाजारात विचारलीत तर एखाद्या दुकानात मिळतील. बाकीचं सगळं घरात असतं. पण त्याबरोबर 'मुलं एन्जॉय करतात का' हे मला विचारू नका. एक करतं, एक करत नाही, आणि कोण कशात करेल ते मला आधी सांगता येत नाही.

काकांसाठी वेगळं. चौदा पूर्ण झाली की मोठी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून, दहावीला बसेल. तिथे गणित घ्यायलाच हवं असं नाही, हे मी तिला सांगून ठेवलंय. ती विषयांची पानं उलटून पाहते. अजून ठरवलेलं नाही म्हणते.