गडग्याच्या अलीकडे की पलीकडे

धनेशाचं घरटं असलेला बेहडा नेमका कुणाच्या जमिनीत उभा आहे, एवढाच प्रश्न होता. मधे गडगा, म्हणजे हद्दीचं दगडी कुंपण. त्याच्या वरच्या अंगाला वनखात्याचं राखीव जंगल, खालच्या अंगाला खासगी मालकीची जमीन. मालकीतलं जंगल विकून तिथे रबर लावायचं घाटत होतं. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या आसपास, यात नवल काही नाही. अडचण अशी की व्हाळाजवळ, म्हणजे ओढ्याजवळ, गडगा ढासळून वाहून गेलेला, आणि झाड नेमकं त्याच पट्ट्यात. आमच्या संस्थेच्या नोंदवहीत या झाडाची दोन वर्षांची दोन स्थानं होती. नकाशावर टाकली तर एक गडग्याच्या वर पडायचं, दुसरं खाली. दोन्ही वेळा जीपीएस यंत्राने अचूकता ‘±५ मीटर’ दाखवली होती.

त्याच सुमारास संस्थेत नवी जीपीएस यंत्रं घ्यायचं चाललं होतं. हिशेब बघणाऱ्या ताईंना तीन कोटेशनं आणि एक तुलनात्मक तक्ता हवा होता. तक्त्यात काय, तर पडदा केवढा, रंगीत की साधा, मेमरी किती, नकाशे फुकट की विकत. घनदाट झाडीत ते यंत्र खरं बोलतं का, हा रकाना कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. म्हणून ठरवलं, मिळतील ती यंत्रं गोळा करायची आणि थेट त्या बेहड्याखाली घेऊन जायची.

पण बरोबर-चूक ठरवायला आधी खरी जागा माहीत पाहिजे. त्यासाठी अण्णांना गाठलं. अण्णा निवृत्त भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारे. सगळी नोकरी साखळी, प्लेन टेबल आणि गावनकाशे यांत गेली. त्यांना म्हटलं, आता तर मोजणी खात्याकडे रोव्हर, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत मोजणारी उपग्रह-यंत्रं, आहेत, त्यातला एक आणता येईल का? ते हसले. “अगो, रोव्हर झाडाखाली फिक्स घेणा नाय. आणि त्येका मोबाइलची रेंज लागता. तुझ्या त्या कोंडीत रेंज खय असा?” बरोबरच होतं. रोव्हरची सेंटिमीटरची अचूकता सिग्नलच्या लहरी अखंड मोजण्यावर उभी असते. फांद्यांनी दर क्षणाला सिग्नल तोडला की ती कोसळते, आणि दुरुस्तीचे आकडे इंटरनेटवरून येत असल्याने रेंज नसली तर विषयच संपला.

मग अण्णांच्या पद्धतीने. वर कातळावर आभाळ मोकळं आहे, तिथे एक बिंदू पक्का केला. तिथून कंपास आणि फीत घेऊन जंगलात उतरत गेलो, गडग्याची दोन्ही शाबूत टोकं आणि बेहडा यांना खुंट्या मारल्या, आणि दुसऱ्या वाटेने परत कातळावर येऊन फेरा बंद केला. प्रत्येक टप्प्याला पुढचं बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासूनचा दिशेचा कोन, घेतलं की पलीकडून मागचं घ्यायचं. दोन्हींत १८० अंशांचा फरक आलाच पाहिजे. नाही आला तर जांभ्यातलं लोखंड सुई ओढतंय असं समजायचं. एके ठिकाणी तसं झालंही, तो टप्पा अण्णांनी सरळ बाद केला. सहाशे मीटरच्या आसपासचा फेरा बंद करताना चूक दोन मीटरच्या थोडी वर निघाली. अण्णांनी तोंड वाकडं केलं. मला आनंद झाला.

आता यंत्रं. चार होती. एक जुनं, अँटेना आत दडवलेलं, मित्राच्या कपाटातून काढलेलं. दुसरा माझा फोन. तिसरं यंत्र वर बोटासारखी अँटेना बाहेर आलेलं, पण एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं. जंगलात काम करणाऱ्या बऱ्याच जणांकडे असतं तसलं. चौथं एका प्रकल्पाकडून उसनं आणलेलं, गार्मिनचं जीपीएसमॅप ६५एस, जे उपग्रहाचा सिग्नल एल१ आणि एल५ अशा दोन पट्ट्यांवर, म्हणजे दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर, ऐकतं.

सगळी कातळावरच चालू केली आणि चहा होईपर्यंत तशीच ठेवली. हे मी नव्या मुलांना कंटाळा येईपर्यंत सांगते. उपग्रह आपली कक्षा कळवतो तो संदेश सलग अर्धा मिनिट तरी ऐकायला मिळावा लागतो. मोबाइलची रेंज असली तर फोन ही माहिती नेटवरून उचलतो. रेंज नाही आणि वर पानांचं छत, अशा जागी यंत्र पहिल्यांदा चालू केलं तर प्रत्येक संदेश मध्येच तुटतो आणि ते तासभरही चाचपडत बसू शकतं. कातळावर चारही यंत्रं एकमेकांपासून दोन-तीन मीटरच्या आत. म्हणजे तिथे कुठलंही घ्या.

बेहड्याजवळ आम्ही घरट्याच्या तोंडाच्या उलट बाजूने गेलो. मे महिना, ढोलीत मादी आणि पिल्लू असण्याचे दिवस. नर फळं घेऊन येत-जात असतो आणि खाली माणसं रेंगाळली तर तो लांबच बसून राहतो. त्यामुळे बोलणं बंद. खुंटीवर एकेक यंत्र धरायचं, आकडा लिहायचा, सरकायचं. यंत्र धरायचीही रीत आहे. बोटासारखी अँटेना असलेलं उभं धरायचं, चपट्या अँटेनावालं आडवं, आभाळाकडे तोंड करून. आणि कमरेला लटकवायचं नाही, कारण माणसाच्या अंगात पाणीच पाणी, अर्धं आभाळ आपणच झाकतो. मी सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर वरच्या टोकाला बांधते.

जुन्या यंत्राने ‘उपग्रह शोधत आहे’ म्हणून हात वर केले. फोनने ±६ दाखवलं आणि आम्हाला व्हाळाच्या पलीकडे नेऊन बसवलं, खुंटीपासून अडतीस मीटरवर. तिसऱ्याने ±५ दाखवलं, फरक सतरा मीटर. दोन पट्ट्यांच्या यंत्राने ±७ दाखवलं आणि फरक सहा मीटर. सगळ्यात वाईट आकडा दाखवणारं सगळ्यात जवळ होतं!

हे नीट समजून घ्यायला हवं. तो ± म्हणजे मोजलेली चूक नव्हे. उपग्रह आभाळात कसे विखुरलेत आणि सिग्नल किती जोरात येतोय, यावरून यंत्राने बांधलेला तो अंदाज. सिग्नल वीस हजार किलोमीटरवरून येतो, आधीच क्षीण. ओली पानं तो गिळतात, आणि दरीचा उतार, जाड बुंधे यांवर आपटून तो वळसा घेऊन आला की अंतर जास्त भरतं. जुन्या यंत्रांना इतका क्षीण सिग्नल ऐकूच यायचा नाही, म्हणून ती गप्प बसायची. नवी चिप तीक्ष्ण कानांची, तिला आपटून आलेलाही ऐकू येतो आणि ती तो खरा धरते. एल५चा संकेत एल१पेक्षा दहापट वेगाने बदलतो, त्यामुळे थेट आलेला सिग्नल आणि मागून रेंगाळत आलेला, यांतला फरक यंत्राला जास्त बारकाईने ओळखता येतो. झाडीत पैसे टाकायचे तर ते इथे. पडद्यात नाही, नकाशात तर नाहीच.

फोनबद्दल माझं मत जरा कडक आहे. तो माग गुळगुळीत करतो, हालचालीच्या सेन्सरवरून अंदाज बांधतो, आणि चुकलेली रेघही सुबक दिसते. शहरात ते सोयीचं. इथे मला गप्प बसणारं यंत्र परवडतं, थापा मारणारं नाही. आता कित्येक फोनांतही एल५ असतो हे खरं, पण अँटेना एवढीशी, आणि पावसात ओल्या बोटाने पडदा चालवून बघा.

दुपारी वळवाचा पाऊस आलाच. तासाभरात थांबला, पण पानं ठिबकत होती. पुन्हा खुंटीवर गेलो. तिसरं यंत्र आता भलतीकडेच, सकाळच्या उलट दिशेला, वीस मीटरच्या पुढे. दोन पट्ट्यांचं नऊ मीटरवर. मी तिसऱ्या यंत्रावर सरासरी घ्यायची सोय चालू केली, तेवढ्यात अण्णा कानाशी कुजबुजले, “एकाच खोटारड्याक धा वेळा इचारून खरा थोडाच कळतला?” त्यांनी यंत्राबद्दल एक ओळही वाचलेली नव्हती, पण मुद्दा अचूक. पाच मिनिटांत उपग्रह फारसे हलत नाहीत, म्हणजे सिग्नल त्याच बुंध्यांवर तसाच आपटत राहतो आणि सरासरीही त्याच चुकीची निघते. तासा-दोन तासांनी परत येऊन घेतलेलं वाचन मिसळलं, तर ती सरासरी कामाची.

अण्णांची घाई मात्र वेगळ्याच कारणाने होती. या पट्ट्यात २००२पासून कर्नाटकातून हत्ती येतात, आणि खालच्या वाडीत आदल्या रात्री केळी मोडलेली. चार वाजायच्या आत कातळावर पोचायचं, हे सकाळीच ठरलेलं.

वर आल्यावर फितीची मोजमापं कागदावर मांडली. गडग्याची दोन टोकं सरळ रेघेने जोडली. गावनकाशावरही तिथे हद्द सरळच आहे. बेहडा त्या रेघेपासून अकरा मीटर खाली. म्हणजे मालकीत. सहा ते नऊ मीटर चुकणाऱ्या आमच्या सर्वोत्तम यंत्राने हे एकट्याने सांगितलं असतं तर मी सही केली नसती. फितीने सांगितलं म्हणून केली. अधिकृत मोजणी अर्थात भूमी अभिलेखचीच, पण आता अर्ज कुणी करायचा आणि वनखात्याशी बोलायचं की जमीनमालकाशी, ते कळलं. आम्ही जमीनमालकाकडे गेलो. झाड त्यांना लहानपणापासून माहीत होतं. मोजणी होईपर्यंत त्या तुकड्याला हात लावत नाही म्हणाले. पुढचं बोलणं अजून चालू आहे.

ताईंना तक्ता दिला. पहिला रकाना दोन फ्रिक्वेन्सी. दुसरा बाहेरची अँटेना. तिसरा बटणं. चौथा साधे एए सेल, कारण आत बसवलेली बॅटरी कितीही टिकाऊ असली तरी चौथ्या दिवशी वाडीतली वीज गेलेली असते. परदेशातल्या एका सहकाऱ्याने उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र सुचवलं होतं. सरकारी परवानगीशिवाय ते आपल्याकडे बाळगणंच बेकायदा, म्हणून तो रकाना काढला. ‘मेमरी’ आणि ‘पडदा’ हे ताईंनी स्वतःच्या हाताने शेवटी घातले, तक्ता भरलेला दिसावा म्हणून.

यंत्रं ठरली होती त्यापेक्षा कमी घेतली. उरलेल्या पैशांत दोन कंपास, पन्नास मीटरच्या फायबरच्या फिता आणि पुन्हा भरता येणारे सेल आले. फितींसाठी कुणी तीन कोटेशनं मागितली नाहीत.