पहाटे पाचचं माप

१३ मे, रात्र

लाइट गेली आहे. गच्चीवर गादी टाकली, पण स्लॅब अजून तव्यासारखा. झोप येईना म्हणून माझ्या गाडीच्या तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन घेऊन बसलोय. वरची रिंग आणि दुसरी रिंग यांच्यामध्ये जी पट्टी असते, ती नखाएवढी तुटली आहे. बाकी पिस्टन ठणठणीत. एवढ्याशा तुकड्यापायी अख्खं इंजिन खोलावं लागलं.

मागच्या महिन्यात कन्नड घाटात हे झालं. चाळीसगाव सोडलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गाडीत चौघं, एसी फुल, आणि मी चौथा गिअर न सोडता पाय दाबून. डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. मी समजलो, पुढच्या ट्रकचा. माथ्यावर पोहोचेपर्यंत मागे निळा धूर. घरी आल्यावर कॉम्प्रेशन तपासलं, तर पहिला, दुसरा, चौथा १६० पीएसआयच्या आसपास आणि तिसरा ७०.

दोष माझाच. वीस वर्षांची टर्बो पेट्रोल गाडी, १७८१ सीसी. तिला दोन वर्षांपूर्वी लॅपटॉप लावून बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवून घेतला. त्यानंतर मडगार्डच्या आत असलेला छोटा इंटरकूलर एकदाही उघडून पाहिला नाही. परवा काढला तर जाळीत माती आणि कापसाचं पिंजण गच्च. टर्बो हवा दाबतो, दाबली की हवा तापते, बाहेरच ४४ अंश, आणि तिला गार करणारी जाळी बुजलेली. मग स्पार्कची ज्योत कोपऱ्यात पोहोचायच्या आत तिथलं मिश्रण आपणहून भडकतं आणि पिस्टनवर हातोडा बसतो. मूळचा पिस्टन ओतीव. तो किती हातोडे सोसणार?

१५ मे

तीन दिवस एकच डोक्यात आहे, पिस्टन कोणता घ्यायचा. घडीव घ्यायचा हे पक्कं. ओतीव खलबत्ता दगडावर आदळला तर तडकतो, लोहाराचा घडीव विळा वाकेल पण सहसा तुटायचा नाही, हे लहानपणापासून पाहिलेलं. पण घडीवमध्येही दोन जाती निघाल्या आणि माझी झोप गेली.

दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचेच मिश्रधातू. एकाचा नंबर २६१८. त्यात सिलिकॉन जवळपास नाहीच. चिवट, मार खाणारा. कॉनकॉर्ड विमानाचं अंग ज्या मिश्रधातूचं होतं, त्याच कुळातला. हे वाचलं आणि मी मनातल्या मनात ऑर्डर देऊनही टाकली. दुसरा ४०३२. त्यात १२ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन, त्यामुळे तापल्यावर कमी फुगतो, झिजतोही कमी, पण सोसण्यात २६१८च्या मागे. २६१८ जास्त फुगतो म्हणून बोरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या भोकात, त्याला ढिला बसवावा लागतो. इंजिन गार असताना तो भिंतींवर टकटक वाजतो, आणि रोजच्या गाडीत रिंगा आणि खाचा लवकर थकतात.

संध्याकाळी पारोळा रोडला नानांकडे गेलो. नाना म्हणजे बोरिंगवाले, इंजिनाचे सिलिंडर कोरून देणारे. त्यांच्याकडे निम्मं काम ट्रॅक्टरचं, उरलेलं हायवेवरच्या ट्रकांचं. मी कॉनकॉर्डपासून सुरुवात केली. त्यांनी हात पुसत सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "तुले गाडी शर्यतले नेवानी शे का बजारले?"

मला राग आला. मग रस्ताभर हिशेब केला. महिन्यातून दोनदा नाशिक, कधीतरी संभाजीनगर, बाकी दूध, भाजी, आईला दवाखाना. १५० हॉर्सपॉवरचे फार तर २०० करायचे आहेत. आणि खरं बोलायचं तर पिस्टन तुटला तो कमकुवत होता म्हणून तुटला, असं म्हणायला तोंड नाही. इंटरकूलर साफ नाही, इग्निशनचं टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, उन्हाळ्याच्या मानानं पुढे, पंपावर मिळेल ते साधं पेट्रोल. २६१८ घातला असता तर तो आणखी दोन घाट टिकला असता, एवढंच.

४०३२ मागवला. कॉम्प्रेशनचं प्रमाण सव्वानऊला एक, मूळच्या जवळपास. साडेआठला एकचा पर्यायही होता, पण टर्बो जागा होईपर्यंत गाडी म्हशीसारखी रेंगाळली असती. पिस्टनला रॉडशी जोडणारी गजन पिन मात्र आधी मोजली, कारण या इंजिनात १९ मिलिमीटरची आणि २० मिलिमीटरची, दोन्ही येतात, आणि चुकीचा सेट आला तर परत पाठवण्यात महिना जातो. पिस्टन, रिंगा, पिना मिळून पाऊण लाखाच्या घरात. घडीव रॉड वेगळे. आईनं आकडा ऐकला आणि म्हणाली, "गाडीले सोनाना दागिना करी ऱ्हायना का रे?"

२७ मे

खोकं आलं. दुपारी एक वाजता मोटारसायकलच्या डिकीत टाकून नानांकडे पळालो. त्यांनी पिस्टन हातात घेतला, गालाला लावला आणि परत खोक्यात ठेवला. "आते नही. पिस्टन तापेल शे. सकायले ये, पाच वाजता."

घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा पटलं. अ‍ॅल्युमिनियमचा ८१.५ मिलिमीटरचा पिस्टन २० अंशांनी जास्त तापला की जवळजवळ ०.०३ मिलिमीटर फुगतो. आणि पिस्टन आणि बोर यांच्यात मोकळीक ठेवायची किती, तर ०.०५५, नानांच्या भाषेत सव्वादोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). म्हणजे डिकीतल्या गरम पिस्टनचं माप धरून बोर पाडला असता, तर निम्म्या मोकळिकीएवढी चूक तिथेच. कंपनीचं माप २० अंशांचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात २० अंश आणायचे कुठून? निदान ब्लॉक, पिस्टन आणि मायक्रोमीटर तिन्ही रात्रभर एका जागी पडले तर तिघांचं तापमान सारखं होतं, आणि पहाटे ते खाली आलेलं असतं. उरलेला फरक नाना कागदावर वजा करतात.

२८ मे, सकाळ

पावणेपाचला पोहोचलो. नाना आधीच चहा टाकून बसलेले. हेडच्या जागी जाड लोखंडी प्लेट बोल्टनं आवळलेली होती. हेड कसलं की ब्लॉक किंचित दबतो आणि गोल बोर अंडाकृती होतो, म्हणून होनिंग, म्हणजे बोरची शेवटची घासाई, त्या ताणातच करायचं. असली प्लेट ते ट्रॅक्टरला लावत नाहीत. माझ्यासाठी त्यांनी भंगारातून ५० मिलिमीटरची पाटी आणून भोकं पाडली. पैसे विचारले तर म्हणे नंतर बघू.

बोर ८१.५ला नेला. मग रिंगा. हे काम त्यांनी मला दिलं. एकेक रिंग बोरमध्ये सरळ बसवायची, फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी तिच्या टोकांमधली फट मोजायची, कानसायची, धार मोडायची, परत मोजायची. वरच्या रिंगेला ०.४५ मिलिमीटर. टर्बोत रिंग जास्त तापते. फट कमी राहिली तर तिची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोरमध्ये अडकते आणि पिस्टनची तीच पट्टी उपटते जी माझी तुटली. म्हणजे घडीव पिस्टन घालूनही हे करता येतं, हे ऐकून मी प्रत्येक रिंग चारदा मोजली. दुसरी रिंग कानसताना साडेनऊ वाजले, पत्रे तापले, आणि नानांनी गेज हातातून काढून घेतलं. बाकीचं उद्या पहाटे.

९ जून

गाडी सुरू झाली. गार असताना हलकी टकटक आहे, दोन मिनिटांत जाते. शेजारच्या काकांनी विचारलं, डिझेल बसवलं का?

इंटरकूलर आता मोठा, बंपरच्या मागे. लॅपटॉप लावून बूस्ट कमी करून घेतला. ट्यून करणारा पोरगा नाराज झाला. घडीव पिस्टन घालून बूस्ट कमी करणारा मी त्याला पहिलाच भेटलो.

लळिंगच्या घाटात तीनदा गेलो, सकाळी सहाला. चढताना अर्धा पाय, उतरताना गिअरमध्येच सोडायची, म्हणजे रिंगा भिंतींना बसतात. कान पूर्ण वेळ इंजिनाकडे. खड्यांचा आवाज नाही. धूर नाही.

उद्या ५०० किलोमीटर होतील. ऑइल काढायचं आणि फिल्टर कापून आत चकाकतं काही आहे का ते बघायचं.