उभं कोण राहणार?

पैठण रोडचे आमच्या छत्रपती संभाजीनगरवर दोन उपकार आहेत. एक जायकवाडीचं पाणी आणि दुसरं वॉशिंग मशीन. पैठणकडे जाताना चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. ऐंशीच्या दशकात मध्यमवर्गीय घरांना ज्या कंपन्यांनी वॉशिंग मशीनची ओळख करून दिली त्यातली ही एक, आणि ती आमच्या गावची. ओळखीतला कुणी चितेगावला लागला की त्याच्याकडे आता टीव्ही आणि मशीन येणार, असं शेजारीपाजारी परस्पर ठरवून टाकायचे. ती कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पाणी मात्र अजून येतं. रोज येत नाही, एवढंच.

बाहेरगावच्या पाहुण्यांना ‘पाण्याचा दिवस’ समजावून सांगावा लागतो. जायकवाडी धरणाचा नाथसागर इथून पन्नासेक किलोमीटरवर. आशियातल्या मोठ्या मातीच्या धरणांत या धरणाचं नाव घेतात, नाथसागर 1976 पासून भरतोय, पूर्ण भरला तर शंभर टीएमसीच्या वर पाणी. आणि आमच्या नळाला पाणी येतं ते मध्ये कितीतरी कोरडे दिवस गेल्यावर, तेही कधीकधी पहाटे तीनला. अडीच मीटर व्यासाच्या नव्या जलवाहिनीचं काम निघालं तेव्हा रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या पाइपांत माणूस ताठ उभा राहील एवढी जागा होती. मुलांनी त्यात उभं राहून फोटोही काढले. आमचं चालतं ते हौद, गच्चीवरची टाकी आणि मोरीतली पिंपं यांच्या भरवशावर. पाण्याचा दिवस म्हणजे धुण्याचा दिवस. आठवडाभर तुंबलेलं धुणं त्या दिवशी बाहेर निघतं.

आणि नेमक्या अशाच एका दिवशी आमची जुनी मशीन भरल्या टबासकट बंद पडली. मेकॅनिकने मागचं झाकण काढलं, आत बॅटरीचा उजेड मारला आणि म्हणाला, “काका, यात पैसे घालण्यापेक्षा नवीन बघा.”

आमचं बजेट पंधरा हजार. दुकानात गेल्यावर कळतं की पंधरा हजार ही मोठी अवघड रक्कम आहे. दहा-बारा हजारांत दोन टबांची सेमी ऑटोमॅटिक मिळते. वरून कपडे टाकायची फुली ऑटोमॅटिक पंधरा-सोळाच्या पुढे सुरू होते. पुढून काचेचं दार असलेली फ्रंट लोड पंचवीस हजारांच्या खाली सहसा नसते, म्हणून तिच्याकडे आम्ही पैठणीच्या दुकानात बघतात तसं नुसतं बघून घेतलं. म्हणजे आमचं मन सेमीच्या वर आणि खिसा फुलीच्या खाली, असे आम्ही मधोमध अडकलेले.

दुकानातला पोरगा हुशार होता, बोलायला गोड. “काका, यात बारा प्रोग्राम आहेत.” मी विचारलं, “लोक किती वापरतात?” तो खरं बोलला. “एकच. पण असलेले बरे.” मग म्हणाला, जीएसटी कमी झालाय, आत्ताच घेऊन टाका. यावर माझा गृहपाठ झालेला होता. 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 वर आले ते एसी, मोठे टीव्ही आणि डिशवॉशर. वॉशिंग मशीन 27 जुलै 2018 पासून 18 टक्क्यांवरच आहे. हे मी त्याला ऐकवलं. तो हसला आणि म्हणाला, “बरं, मग कव्हर फ्री देतो.” एवढ्या अभ्यासाची किंमत एक प्लास्टिकचं कव्हर.

सहा किलो, साडेसहा, सात, आठ हे आकडे कोरड्या कपड्यांचे असतात. पण आपले कपडे किती किलोचे, हे घरातल्या कुणाला ठाऊक असतं? मी घरी येऊन प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा काढला. एक जुनी चादर पसरली, तिच्यात धुणं बांधलं, गाठोडं हुकाला अडकवलं आणि हात वर करून उभा राहिलो. मुलाची जीन्स सातशे ग्रॅमच्या आसपास. मोठा टॉवेल चारशे-पाचशे. आईची नऊवारी माझ्या दोन शर्टांपेक्षा जड. सोलापुरी चादर कोरडीच किलोच्या घरात जाते. भिजल्यावर तिचं काय होतं हे जिने ती पिळली तिलाच माहीत. आठवड्याचं सगळं धुणं मोजलं तेव्हा काटा बाराच्या पुढे गेला. टब गच्च भरला तर कपडे आत फिरत नाहीत, आणि फिरलेच नाहीत तर मळ निघणार कसा? म्हणजे सात किलोची घेतली तरी दोन फेऱ्यांत आटपणार नाही, तीन तरी घालाव्या लागतील. गोधडी या हिशेबात धरलीच नव्हती. गोधडी कुठल्याच मशीनला जात नाही, तिला पायच लागतात.

मग पाण्याचा दाब. दुकानात याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, आणि घरी मशीन आल्यावर मात्र सगळं यावर अडतं. फुली ऑटोमॅटिक पाणी स्वतः नळातून घेते. बऱ्याच मशीनच्या माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पाण्याला निदान 0.3 बार दाब हवा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. म्हणजे 0.3 बारसाठी टाकीतलं पाणी मशीनच्या नळापासून तीन मीटर, सरासरी दहा फूट वर पाहिजे. मी टेप घेऊन निघालो. आमचं बैठं घर. स्लॅब दहा फुटांवर, टाकीखालचा कट्टा दोन फूट, मशीनचा नळ जमिनीपासून साडेतीन फुटांवर. वजाबाकी साडेआठ फूट, त्यात टाकीतल्या पाण्याची उंची मिळवायची. टाकी भरलेली असेल तर मशीनला पाणी मिळणार. टाकी तळाला लागली की मशीन थोडा वेळ वाट बघणार, मग टीं टीं करून एरर दाखवणार आणि थांबणार. त्यावर प्रेशर पंपाचा उपाय आहे, पण तो बजेटमध्ये नाही. शिवाय टाकी तळाला गेली असताना पंपाने खेचायचं तरी काय?

आईला बार वगैरे काही सांगावं लागलं नाही. तिने एकच विचारलं, “ती धुतलेलं पाणी दुसऱ्यांदा वापरते का?”

नाही वापरत. फुली ऑटोमॅटिकचा हाच स्वभाव आहे. ती पाणी घेते, कपडे धुते, पाणी सोडून देते, विसळायला पुन्हा नवं घेते. सात किलोच्या एका पूर्ण फेरीला शंभर लिटरच्या वर पाणी सहज जातं. स्टारच्या लेबलवर विजेशेजारी किलोमागे किती लिटर पाणी लागतं तेही छापलेलं असतं. आम्ही सगळे चांदण्या मोजतो आणि लिटरच्या आकड्याकडे बघत नाही. खरं तर गार पाण्यात धुणाऱ्या टॉप लोडला एका फेरीला वीज लागते ती युनिटचा लहानसा हिस्सा. आमच्यासारख्या गावात बचत करायचीच तर ती पाण्याची.

आईचा क्रम अख्ख्या महाराष्ट्राला पाठ असेल. साबणाच्या एकाच पाण्यात आधी पांढरे, मग फिके, मग गडद, शेवटी पायपुसणी. ते पाणीही मोरीत सोडायचं नाही, त्याने अंगण धुवायचं. विसळलेलं पाणी बादलीत धरून संडासात. हा क्रम सेमी ऑटोमॅटिकमध्ये जसाच्या तसा चालतो. टबात पाणी बादलीने घाला, हवं तेवढं घाला, हवं तेव्हा सोडा, मध्येच झाकण उघडून एक मोजा टाका, तिची काही हरकत नसते. सेमी म्हणजे आईचं धुणंच, फक्त हात मोटारीचा.

मला हे पटत चाललं होतं. बायकोला पटत नव्हतं, आणि तिचा मुद्दा मला आजवर कुठल्याच जाहिरातीत दिसलेला नाही.

ती म्हणाली, “सेमी स्वस्त आहे ती कशामुळे? उभं आपण राहायचं म्हणून.”

बघा, खरं आहे. सेमीत टायमर वाजला की पाणी सोडायला कुणीतरी लागतं. मग विसळायला, मग ओले पिळे उचलून दुसऱ्या टबात टाकायला, मग ड्रायर थांबला की काढायला. तीन फेऱ्यांचं धुणं म्हणजे निम्मी सकाळ मोरीच्या दारात. फुली आणि सेमीतला पाच-सहा हजारांचा फरक म्हणजे वर्षानुवर्षं तिथं उभं राहणाऱ्या माणसाच्या वेळेची किंमत, आणि दुकानात ती किंमत वाचवायला उत्साहाने पुढे होतो तो माणूस सहसा तिथं उभा राहणारा नसतो. बायको बँकेत असते. पाण्याचा दिवस सुट्टी बघून येत नाही. ती पुढे म्हणाली, “सेमीच घ्या. पाण्याचं तुमचं गणित बरोबर आहे. पण उभं तुम्ही राहायचं. आईंनी नाही आणि मीही नाही.”

मुलगा हे ऐकून मोबाइलमधून डोकं वर काढून हसला. त्याचं मत ॲपवरून चालणाऱ्या मशीनला होतं. ॲपवरून पाणी येतं का, असं आईने विचारल्यावर ते मत बाद झालं.

तर सेमी ठरली, आठ किलोची. एकदा ठरल्यावर बाकीच्या गोष्टी पटापट उरकल्या. प्लास्टिकची बॉडी घेतली, कारण आमची मोरी कायम ओली आणि पत्र्याची जुनी मशीन खालून गंजूनच गेली होती. खालची बाजू उघडी नको, उंदीर आत शिरून वायरी आणि पट्टा कुरतडतो. त्याला अडवणारी जाळी आहे की नाही हे मी दुकानात ओणवा होऊन बघितलं. ‘मोटारीवर दहा वर्षं वॉरंटी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, तेव्हा मोटार सोडून बाकीच्या मशीनवर किती, ते विचारावं. उत्तर बहुधा एक किंवा दोन वर्षं येतं, आणि मोटार सोडूनच बहुतेक सगळं बिघडतं. सेमीच्या ड्रायरचे फेरे मिनिटाला तेराशेच्या आसपास, तर फुली टॉप लोडचे सातशेच्या घरात. म्हणजे स्वस्तातली मशीन कपडे जास्त कोरडे काढते! कोकणातल्या माणसाने पावसाळ्यासाठी हे लक्षात ठेवावं. आम्हाला त्याचं विशेष नाही. आमच्याकडे मे महिन्यात शेवटचा कपडा दोरीवर टाकेपर्यंत पहिला वाळलेला असतो.

एक गोष्ट डिलिव्हरीवाल्याने दाखवली तोवर माझ्या ध्यानात आली नव्हती. सेमीचं पाणी आपोआप उताराने बाहेर पडतं, आत पंप नसतो. नळी जमिनीलगत राहिली पाहिजे. आमच्या मोरीला वीतभर उंबरा. मशीन उंबऱ्याबाहेर ठेवली तर नळी उंबरा चढून आत जाणार, आणि पाणी काही चढणार नाही. शेवटी फळ्या टाकून स्टँड उंच केला. आता मशीन एवढ्या उंचीवर आहे की आईचा हात टबाच्या तळाला पोचत नाही. त्यामुळे कोण उभं राहणार हा प्रश्न कायमचा मिटला.

गेले काही पाण्याचे दिवस मी उभा राहतोय. बोअरचं पाणी मिसळलं की फेस येत नाही आणि काळ्या पँटवर पांढरे पट्टे उमटतात, म्हणून विसळण्यासाठी नळाचं पाणी वेगळ्या पिंपात धरून ठेवायला लागलोय. ड्रायरमध्ये कपडे एका बाजूला झाले की अख्खी मशीन थडथडत स्टँडवरून पुढे सरकते. मग झाकण उघडायचं, ड्रायरचा टब थांबेपर्यंत थांबायचं, जीन्स उचलून समोरच्या बाजूला दाबायची, वरून ती जाळीची चकती बसवायची. मुलाच्या खिशात काय काय असतं तेही आता मला कळतं: तिकिटं, च्युइंगमचे कागद, एकदा एक पेन, ज्याची निळाई आजही माझ्या दोन बनियनांवर आहे. पहिल्या फेरीचं पाणी सोडताना त्याचा रंग बघावा. आपण ऑफिसात बसून असतो, तरी एवढा मळ येतो कुठून?

परवा शेजारच्या काकू मशीन बघायला आल्या. त्यांनाही घ्यायचीय. झाकण उघडून बघितलं, बटणं फिरवून बघितली, दोरीवरच्या शर्टाची कॉलर उलटी करून बघितली. मी पाण्याच्या दाबाचं सगळं सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी आईलाच विचारलं, “कशी आहे हो मशीन?”

“मशीन बरी आहे,” आई म्हणाली. “माणूस अजून शिकतोय.”