सिनाईतली पाच परस विहीर

"मावशी, तिथे लाइट नाही, फोनला रेंज नाही, फ्लशचा संडास नाही. अंघोळीला एक बादली मिळेल. चालेल ना तुला?"

भाचीने दुबईहून हे विचारलं तेव्हा मी फोनवरच खो-खो हसले. मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती ना, तीच आमच्या गावात. मी तोवर पुण्यात नळाखाली सुखाने नांदत होते हे खरं, पण माझी आई त्या उन्हाळ्यात भाजी धुतलेल्या पाण्याने भांडी विसळत होती आणि ते विसळलेलं पाणी तुळशीला घालत होती. तिच्या हाताखाली वाढलेल्या बाईला ही पोरगी विचारते, बादली चालेल का!

"आणि याचे पैसे किती?" मी विचारलं. तिने आकडा सांगितला. मग मात्र हसू थांबलं.

तर इजिप्तमधल्या सिनाईच्या वाळवंटात बेदुईन, म्हणजे तिथल्या वाळवंटी जमातींच्या लोकांबरोबर पाच दिवस पायी, मार्चचा पहिला आठवडा. विमान, टॅक्सी आणि मोजता येणार नाहीत इतके चेकपोस्ट यांबद्दल लिहीत नाही. प्रत्येक चेकपोस्टवरच्या पोलिसाने पासपोर्ट बघून "अमिताभ बच्चन!" म्हटलं, एवढीच नोंद.

पहिला मुक्काम शेख अवाद नावाच्या वस्तीजवळ. दगडी भिंतींच्या बुटक्या खोल्या, छताला झावळ्या, जमिनीवर गाद्या आणि उंटाच्या केसांची घोंगडी. घोंगडी टोचते, पण थंडीत टोचण्याची तक्रार कोण करतंय! रात्री मेणबत्त्या. संडास कोरडा, काम झालं की वरून राख टाकायची. भाची प्रत्येक गोष्टीपुढे उभी राहून "किती सस्टेनेबल आहे ना!" म्हणत होती. मला आजोळचा वाडा आठवत होता. तिथेही हे सगळं असंच होतं, फक्त त्याला कुणी इको-फ्रेंडली म्हणत नव्हतं. ओढग्रस्ती म्हणत होते. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. आकडा तिने भरला होता.

खरं सांगायचं तर माझ्या मनात थोडी घमेंडही होती. बरोबरच्या चार युरोपीय मंडळींना मी पहिल्याच संध्याकाळी अर्ध्या बादलीत अंघोळ करून दाखवली. म्हणजे केली, आणि मग तीन वेळा सांगितली.

आमचा वाटाड्या जबालिया जमातीचा, तिशीतला, सतत गुणगुणणारा. अरबीत जबल म्हणजे डोंगर, तर हे डोंगरवाले. सहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट जस्टिनियनने इथे सेंट कॅथरीनचा मठ बांधून घेतला आणि त्याच्या राखणीला व चाकरीला दूरच्या मुलखातली माणसं आणून वसवली. त्यांचे हे वंशज. पुढे ते मुसलमान झाले, मठ ख्रिस्ती साधूंचाच राहिला, आणि चाकरी आजतागायत चालू आहे. देवळाचे पिढीजात गुरव असतात ना, तसं. गंमत म्हणजे पाळीही तशीच. कुठला वाटाड्या, कुणाचा उंट, हे आपण निवडायचं नाही. ज्याची पाळी असेल तो येतो. एका जमातीची हद्द संपली की वाटाड्या थांबतो आणि पुढच्या जमातीचा माणूस आपल्याला ताब्यात घेतो. २०१५ साली तीन जमातींनी मिळून सिनाई ट्रेल नावाची लांब पायवाट आखली, २०१८ मध्ये ती आठ जमातींची आणि ५५० किलोमीटरची झाली, ती याच रिवाजावर चालते. आम्ही तिचा एक लहानसा तुकडा चाललो असू, तोही आडवातिडवा.

दुसऱ्या दिवशी नक़्ब अल हवा ही खिंड चढलो. नावाचा अर्थ वाऱ्याची खिंड. वारा होता. पुढे.

तिसऱ्या दिवशी अबू जीफाची चढण. गुलाबी-तांबूस ग्रॅनाइटचे कडे, सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना हे दगड कच्च्या मांसासारखे दिसतात. पायात बूट, बुटात वाळू, वाळूत मी. दुपारी एकच्या सुमाराला खाली एका दरीत उतरलो आणि एकदम बदामाची फुलं. पांढरी, किंचित गुलाबी, पानाचा पत्ता नाही. दगड रचून केलेली पुरुषभर उंच भिंत, तिला वाकून जावं लागेल असं लाकडी दार, आणि आत बाग. याला ते करम म्हणतात. बदाम, डाळिंब, अंजीर, एक म्हातारं ऑलिव्ह. भिंत दोन शत्रूंसाठी असते, असं वाटाड्याने सांगितलं: शेळी आणि पूर. वर्षभर थेंब नाही आणि आला की दरी धुऊन नेतो, असा इथला पाऊस.

बाग वाटाड्याच्या चुलत्यांची. साठीच्या पुढचे, काटकुळे, डोक्याला पांढरं फडकं. त्यांनी हात छातीवर ठेवून "अहलान" म्हटलं आणि चहाच्या तयारीला लागले. दाराशेजारी एक निळा प्लास्टिकचा पिंप भरून ठेवलेला, वर पत्र्याचा मग.

आता माझं डोकं कसं चाललं बघा. पाहुणा आला, दाराशी पाणी, वर मग. म्हणजे पाय धुवायला! आमच्याकडे दुसरा काही अर्थच होत नाही. मी बूट काढले, मोजे काढले, पहिला मग पायावर ओतला आणि जिवात जीव आला. दुसरा ओतला. तिसऱ्यात मोजे खळबळून घेतले. चौथ्याने तोंड. पाचवा आणि सहावा उगाच. पाणी थंडगार होतं हो.

"मावशी!" भाची जवळजवळ किंचाळली.

मी वळून पाहिलं. वाटाड्याचं गुणगुणणं थांबलं होतं. चुलते चुलीपाशी उभे होते, हातात किटली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. ते सावकाश आले, माझ्या पायांपुढे उकिडवे बसले, आणि मी ओतलेलं पाणी वाळूत जिरायच्या आत तळहाताच्या कडेने एक रेघ ओढली. बोटभर खोल, वीतभर लांब. मग आणखी एक वीत. पाणी त्या रेघेतून घरंगळत जवळच्या डाळिंबाच्या आळ्याकडे निघालं. चार-पाच घोटच असतील. पाणी आळ्यात पोचेपर्यंत चुलते बसून राहिले, मग उठले, हात झटकले आणि चहाला साखर किती म्हणून विचारलं.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. कुणी ओरडलं असतं तर मी चार शब्द तरी बोलले असते.

पिंपातलं पाणी रात्रीच्या कणकेचं, चहाचं, उंटांचं आणि यंदाच लावलेल्या तीन रोपांचं होतं. चहा झाल्यावर चुलते कॅन घेऊन बागेच्या कोपऱ्यात गेले आणि मला ओळखीचा आवाज आला: दोर दगडावर घासल्याचा. मी मागोमाग गेले. दगडांनी बांधून काढलेली अरुंद विहीर. काठाच्या दगडाला दोरांनी पडलेल्या खाचा, बोट घातलं तर पेरभर आत जाईल अशा. टायरच्या रबराचा पोहरा. मी दोराला हात घातला, तर त्यांनी मान हलवली. वाटाड्या म्हणाला, "हज्जा, तू पाहुणी आहेस." इथे माझ्या वयाच्या बाईला हज्जा म्हणतात, हज केलेली. पंढरपूरलाही मी एकदाच गेलेय, तीही गाडीने.

मी तिथेच काठावर बसून राहिले. हट्टाने. शेवटी आठव्या की नवव्या पोहऱ्याला चुलते हसले आणि दोर माझ्या हातात दिला. पंचवीस-तीस वर्षांनी मी पाणी शेंदत होते. खांद्यांना आठवत होतं, तळव्यांना नाही. पोहरा वर येईतो कातडं सोललं होतं. दोर पायाशी वेटोळा पडत गेला तसं मी वाटाड्याला विचारलं, विहीर खोल किती?

"खमसा क़ामा." पाच बोटं दाखवली. मग क़ामा म्हणजे काय ते दाखवायला ताठ उभा राहिला आणि स्वतःकडे, पायापासून डोक्यापर्यंत, हात फिरवला. एक माणूसभर.

परस! आमची विहीर सात परस होती, आजोबांची अकरा. विहिरीचं माप फुटात सांगणारा माणूस आमच्या गावात सरकारी समजला जायचा. मी त्याला हे मराठीतूनच सांगितलं, हातवारे करून, आणि त्याने ते चुलत्यांना अरबीतून. ते बराच वेळ काहीतरी बोलले. वाटाड्याने भाषांतर एवढंच केलं: "ते म्हणतात, मग तुला माहीत होतं."

माहीत होतं.

रात्री भाकरी. लिब्बा म्हणतात. कणीक, मीठ, पाणी. थापून जाड चकती करायची, विस्तव बाजूला सारून तापलेल्या वाळूवर टाकायची आणि वरून निखारे ओढायचे. निघाली की काठीने बडवून राख झाडायची. थोडी वाळू दाताखाली येतेच. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडगा करतात त्यातला हा रोडगाच, फक्त भरताऐवजी टोमॅटो-कांद्याचं काहीतरी. युरोपीय मंडळी व्हिडिओ काढत होती. मी तीन खाल्ले आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा लाज सोडली. भांडी पाण्याने नाही, वाळूने घासली. मी घासायला बसले तेव्हा मात्र कुणी अडवलं नाही.

एक खंत सांगते. या सगळ्या दिवसांत बाईमाणूस म्हणून मला भेटल्या त्या शेळ्यांमागच्या दोन पोरी आणि शेख अवादला अर्ध्या उघड्या दारातून ताट पुढे करणारा एक मेंदी लावलेला हात. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. पाणी कोण भरतं हे पुरुषांना विचारून कळत नसतं. इथल्याच हमादा जमातीच्या बायका २०१९ मध्ये वाटाड्या झाल्या, सुरुवातीला फक्त बायकांच्या गटांना डोंगर दाखवून दिवस मावळायला आपापल्या घरी परतत, हे मला परतल्यावर कळलं. भाचीने बुकिंगआधी शोधलं नाही. मीही नाही.

चौथ्या दिवशी अब्बास पाशाचा डोंगर, २३८३ मीटर. हा पाशा एकोणिसाव्या शतकातला इजिप्तचा राज्यकर्ता. दम्याच्या की क्षयाच्या हवेसाठी म्हणे या पाशाने वेगवेगळ्या शिखरांवर मांस टांगून ठेवलं आणि जिथे ते सगळ्यांत उशिरा सडलं तिथे महाल बांधायला घेतला. १८५४ मध्ये पाशाच गेला. भिंती अजून उभ्या आहेत, छत कधी चढलंच नाही त्यांच्यावर. पाचव्या पहाटे बायबलमधल्या मोझेसचा डोंगर. शेवटच्या ७५० पायऱ्या, टॉर्चची रांग, दर वळणाला "कॅमल? कॅमल?" आणि वर सूर्य उगवायच्या आधीच उगवलेले मोबाइल. सप्तशृंगीला चैत्रात जाऊन आलेल्यांनी हे खर्च करून बघू नये.

उतरल्यावर राहा नावाचं मठासमोरचं मैदान लागतं. २०२१ पासून तिथे सरकारी पर्यटन प्रकल्पाचं काम चालू आहे. हॉटेलं, रस्ते, क्रेन. वाटाड्या तिथून जाताना गुणगुणत नव्हता. मी विचारलं, या सगळ्याला पाणी कुठून? त्याने खांदे उडवले. "पाइप येईल," म्हणाला. मग थोडं चालल्यावर, "हज्जा, तिथे तू कितीही मग ओत." आणि स्वतःच इतका हसला की उंट बिचकला.

परतीच्या वाटेवर शर्म अल शेख या समुद्रकाठच्या शहरात हॉटेलात शॉवर होता. मी अर्धा तास उभी राहिले त्याखाली. खोटं कशाला बोलू.

रात्री आईला फोन लावला. तिला मोझेस, मठ, पाशा कशातच रस नव्हता.

"पाणी हाय का तिथं?"

"आहे. विहीर आहे."

"किती परस?"

"पाच."

"मग बरंय की," आई म्हणाली. "गोड हाय का मचूळ?"

मी त्या विहिरीचं पाणी पायांवर ओतलं, मोजे धुतले, कणकेत खाल्लं, चहात प्यायले. नुसतं, मगभर, चव घेऊन प्यायलेच नव्हते.