दोन सोसायट्या, एकच टेबल

रविवारी सकाळी कोथरूडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "अहो, आमच्या थकबाकीदारांत हे कुलकर्णी कोण? आमच्याकडे कुलकर्णी नाहीतच." (कोथरूडात असूनही!) कुलकर्णी दुसऱ्याच सोसायटीचे होते.

मेंटेनन्सच्या हिशेबाचं माझं अ‍ॅप क्लाउडवर चालतं. सत्तावीस सोसायट्या, पण पोस्टग्रेसचा डेटाबेस एकच. प्रत्येक टेबलात सोसायटीचा आयडी आणि प्रत्येक क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, त्याची अट. नव्या रिपोर्टात ती अट लिहायची राहून गेली होती. दुरुस्ती पाच मिनिटांत झाली, झोप मात्र उडाली. तपासायला बसलो तर लिंकमधला पावतीचा नंबर बदलला की परक्या सोसायटीची पावती उघडत होती.

प्रत्येक सोसायटीला वेगळा डेटाबेस देणं सगळ्यात भक्कम, पण मी एकटा माणूस. टेबलात एक कॉलम वाढवायचा तर सत्तावीस ठिकाणी वाढवणार कोण? म्हणून रो लेव्हल सिक्युरिटी घेतली. पोस्टग्रेसमध्ये ती ९.५ पासून आहे. कोणाला कुठल्या ओळी दिसाव्यात हे डेटाबेसच ठरवतो, क्वेरीत अट विसरली तरी.

पॉलिसी, म्हणजे ओळी दाखवायचा नियम, लिहिली, चालू केली, आणि तरीही सगळ्यांना सगळं दिसतच होतं! अर्धा दिवस पॉलिसीच उलटीसुलटी करत बसलो. दोष तिचा नव्हताच. ज्या युजरने टेबलं बनवली त्याच युजरने अ‍ॅप जोडलेलं होतं, आणि टेबलाच्या मालकाला पॉलिसी लागू होत नाही. त्यासाठी 'फोर्स' वेगळं लावावं लागतं. सगळे अधिकार असलेल्या सुपरयुजरला तर तेही अडवत नाही. अ‍ॅपसाठी मालकी नसलेला साधा युजर केला, तेव्हा पॉलिसी लागू झाली आणि सगळे रिपोर्ट कोरे आले. कोरी स्क्रीन बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पुढचा घोळ पीजीबाउन्सरचा, म्हणजे डेटाबेसची कनेक्शनं वाटून देणाऱ्या प्रोग्रामचा. तो ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (एका व्यवहारापुरतं) एकच कनेक्शन आळीपाळीने सगळ्यांना देतो. माणूस कुठल्या सोसायटीचा तो आयडी मी कनेक्शनवर साध्या 'सेट' कमांडने ठेवत होतो, म्हणजे आधीच्या माणसाची सोसायटी पुढच्याच्या गळ्यात. 'सेट लोकल' केलं की ट्रान्झॅक्शन संपताच आयडी पुसला जातो. मात्र मागे नल (काहीच नसणं) नाही, रिकामी स्ट्रिंग (अक्षरं नसलेला मजकूर) उरते आणि तिचा आकडा करताना एरर येते. रिकाम्याचं नल करणारं 'नलइफ' लावून तेही मिटवलं.

पटकन सापडावीत म्हणून रेडिस या वेगळ्या साठ्यात ठेवलेल्या बिलांच्या की-मध्ये, म्हणजे शोधायच्या नावात, नुसता महिना आणि फ्लॅट नंबर होता. तिथे पोस्टग्रेसची पॉलिसी काय करणार? तिथे सोसायटीचा आयडी हातानेच घातला.

कुलकर्णींच्या सोसायटीला फोन करायला मात्र मी दोन दिवस लावले. चेअरमननी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आमची किती नावं दिसली?"

"अकरा."

पलीकडून कागदाचा आवाज आला. ते लिहून घेत होते.